बाटलीवरची नक्षी ताणली जाते, टोके जुळत नाहीत : रोटरी बदलण्यापूर्वी काय तपासावे आणि कोणती निवडावी

लेसर यंत्राला रोटरी, म्हणजे गोल वस्तू फिरवणारे उपकरण, जोडून बाटली, ग्लास, मग किंवा लाटणे कोरताना येणारी तक्रार बहुधा ठरावीक असते. पडद्यावर गोल दिसणारे वर्तुळ वस्तूवर अंडाकृती उमटते, वेढा पूर्ण झाल्यावर नक्षीची दोन टोके जुळत नाहीत, किंवा नावाची शिरोरेषा सरळ न राहता हळूहळू एका बाजूला सरकत जाते. अशा वेळी दोष रोटरीच्या दर्जाला दिला जातो. रोलरची (वस्तू रोलरवर टेकवून फिरवणारी) रोटरी असेल तर चकची (वस्तू जबड्यांत धरून फिरवणारी) आणि चकची असेल तर रोलरची मागवली जाते. नवी रोटरी जोडल्यावर तक्रार वेगळ्या रूपात परत येते, कारण ही तिन्ही लक्षणे तीन निरनिराळ्या कारणांनी निर्माण होतात. पहिले कारण सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या चुकीच्या मापाचे, दुसरे घसरण्याचे आणि तिसरे वस्तूच्या उतरत्या, म्हणजे एका टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या, आकाराचे. यांपैकी पहिले कारण कोणत्याही रोटरीबरोबर तसेच राहते. रोटरी बदलण्याचा विचार दुसऱ्या किंवा तिसऱ्या कारणाची खात्री पटल्यानंतरच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील विवेचन डायोड आणि सीओटू लेसरच्या नेहमीच्या मांडणीला धरून आहे. या मांडणीत वाय अक्षाच्या मोटरची वायर काढून तिच्या जागी रोटरीची वायर जोडलेली असते, वस्तू एक्स अक्षाला समांतर आडवी ठेवलेली असते आणि सॉफ्टवेअर लाइटबर्न असते. लेसरचे डोके वस्तूच्या लांबीवर मागेपुढे धावते आणि प्रत्येक ओळीनंतर वस्तू किंचित फिरते. फायबर लेसरच्या गॅल्व्हो यंत्रात आरसे हलतात आणि रोटरीला स्वतःचा अक्ष असतो, त्यामुळे तिथे नक्षीचे पट्टे पाडून ती कोरली जाते. तिथली सांध्याच्या रेघांची अडचण वेगळी असून ती इथे घेतलेली नाही.

रोलर आणि चक यांच्या गणितातला फरक

चकच्या रोटरीत वस्तू जबड्यांत पकडलेली असते आणि मोटर थेट वस्तूलाच फिरवते. चकने एक फेरा घेतला की वस्तूचाही एक फेरा होतो, मग ती पेनाएवढी बारीक असो की डब्याएवढी जाड. मात्र त्या एका फेऱ्यात पृष्ठभाग किती मिलिमीटर सरकला, हे वस्तूच्या परिघावर ठरते. म्हणून सॉफ्टवेअरला वस्तूचा व्यास अचूक सांगणे अनिवार्य आहे. रोलरच्या रोटरीत मोटर रोलरला फिरवते आणि वस्तू रोलरवर टेकून फिरते. रोलरचा पृष्ठभाग जितका सरकतो तितकाच वस्तूचा सरकतो, त्यामुळे इथे वस्तूच्या व्यासाला महत्त्व नसून रोलरच्या व्यासाला आहे. लाइटबर्नमध्ये रोलरचा प्रकार निवडल्यावरही वस्तूच्या व्यासाची चौकट दिसते, पण तिच्यातल्या आकड्याने नक्षीचे प्रमाण बदलत नाही. ही गोष्ट माहीत नसल्याने कित्येक जण त्याच चौकटीतला आकडा पुनःपुन्हा बदलत बसतात.

हिशेब असा आहे. चकसाठी, वाय अक्षाला दिली जाणारी हालचाल = नक्षीतली लांबी × एका फेऱ्याचे मिलिमीटर ÷ वस्तूचा परीघ. रोलरसाठी याच सूत्रात वस्तूच्या परिघाऐवजी रोलरचा परीघ घ्यावा. ‘एका फेऱ्याचे मिलिमीटर’ म्हणजे कंट्रोलरच्या (मोटरना आज्ञा देणाऱ्या यंत्रातल्या कार्डाच्या) समजुतीप्रमाणे वाय अक्ष किती मिलिमीटर सरकला असता चक किंवा रोलर नेमका एक फेरा पूर्ण करतो, तो आकडा. जीआरबीएल या नियंत्रण-प्रणालीवर चालणाऱ्या यंत्रात तो काढणे सोपे आहे. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पूर्ण स्टेप घेते. मोटरला प्रवाह पुरवणारा ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपवर असेल, म्हणजे प्रत्येक पूर्ण स्टेपचे १६ भाग करत असेल, तर ३,२०० स्टेप होतात. वाय अक्षाची $१०१ ही सेटिंग ८० असेल, म्हणजे एका मिलिमीटरला ८० स्टेप, तर ३,२०० ÷ ८० = ४० मिलिमीटर. मोटरवर २० दात्यांची आणि चकवर ६० दात्यांची पुली असेल तर चकच्या एका फेऱ्यासाठी मोटरचे तीन फेरे लागतात आणि आकडा १२० होतो. रुईडा कंट्रोलरच्या यंत्रात लाइटबर्न मिलिमीटरऐवजी एका फेऱ्याच्या स्टेप विचारते. तिथे स्टेपची संख्या थेट भरावी.

याच गणितातून निदानाचे एक उपयुक्त सूत्र निघते. पुलीचे दाते, मोटरच्या स्टेप आणि मायक्रोस्टेप या सर्व पूर्ण संख्या आहेत. म्हणून चकच्या रोटरीत ‘एका फेऱ्याचे मिलिमीटर’ चुकले असतील तर चूक सहसा दुप्पट, तिप्पट किंवा निम्मी अशी ढोबळ असते. नक्षी दोन-तीन टक्क्यांनी ताणली जाणे हे त्या आकड्याचे लक्षण नव्हे. दोन-तीन टक्क्यांची चूक चकवर दिसली तर वस्तूचा व्यास चुकीचा मोजला आहे, असे धरून चालावे. याला अपवाद एकच. कोणी सपाट कामासाठी $१०१ बारीक जुळवून ८० ऐवजी ७९.६ केलेले असेल, तर ३,२०० ÷ ७९.६ म्हणजे ४०.२ हा आकडा भरावा लागतो. रोलरच्या बाबतीत मात्र काही टक्क्यांची चूक स्वाभाविक आहे, कारण रोलरवर रबराचे वेष्टन किंवा ओ-रिंग असते, ते वस्तूच्या वजनाने दबते आणि परिणामी रोलरचा प्रत्यक्ष व्यास कॅलिपरने मोजलेल्या व्यासापेक्षा थोडा कमी भरतो.

व्यासाच्या चुकीचा परिणाम किती मोठा असतो, तेही पाहावे. ७३ मिलिमीटर व्यासाच्या बाटलीचा परीघ सुमारे २२९.३ मिलिमीटर आहे. व्यास ७२ भरला तर सॉफ्टवेअर तो २२६.२ धरते. एका मिलिमीटरची चूक सांध्यावर तीन मिलिमीटरहून अधिक होऊन बाहेर पडते. त्यामुळे कॅलिपरने व्यास मोजण्यापेक्षा जिथे नक्षी येणार आहे तिथेच कागदाची अरुंद पट्टी घट्ट गुंडाळून, दोन्ही थरांवर एकच खूण करून, पट्टी सपाट ठेवून परीघ मोजावा आणि लाइटबर्नमध्ये व्यासाऐवजी परिघाच्या चौकटीत भरावा. भारतीय बाजारातल्या स्टीलच्या पुष्कळ बाटल्या डोळ्यांना सरळ दिसतात, पण तळाशी आणि खांद्याशी एक-दीड मिलिमीटरचा फरक पट्टीने मोजल्यावरच समजतो.

निदानाची चाचणी

वस्तूवर पातळ कागदाची पट्टी गुंडाळून तिची टोके चिकटवावीत. मास्किंग टेप वापरू नये, कारण क्रेप कागदाची ती टेप काढताना ताणली जाते आणि माप बिघडते. कागदावर अगदी कमी शक्तीने, वस्तूच्या लांबीला समांतर अशा दोन बारीक रेघा नक्षीत १०० मिलिमीटर अंतर ठेवून माराव्यात. मग कागद काढून, सपाट टेबलावर ठेवून, स्टीलच्या पट्टीने अंतर मोजावे. वळलेल्या पृष्ठभागावर मोजलेले अंतर फसवे असते.

ही चाचणी कमी वेगाने आणि नंतर नेहमीच्या वेगाने, आलटून पालटून काही वेळा करावी. प्रत्येक वेळी अंतर सारखेच, समजा ९६ मिलिमीटर, येत असेल तर दोष सेटिंगचा आहे आणि रोटरी निर्दोष आहे. रोलरसाठी जुना आकडा × १०० ÷ ९६ असा नवा ‘एका फेऱ्याचे मिलिमीटर’ भरावा. ४० चा ४१.६७ होईल. चकसाठी परीघ पुन्हा मोजावा. अंतर कधी ९६, कधी ९९, कधी ९४ असे बदलत असेल तर काहीतरी घसरते आहे, आणि कोणताही आकडा बदलून उपयोग होणार नाही. कमी वेगाला १०० आणि जास्त वेगाला ९५ येत असेल तर तीही घसरणच आहे.

काय घसरते, हे समजण्यासाठी मार्करने दोन खुणांच्या जोड्या कराव्यात : एक रोलरच्या टोकावर आणि त्याच्या चौकटीवर समोरासमोर, दुसरी वस्तूच्या तळावर आणि तिच्या शेजारी टेबलावर. वाय अक्ष ३०० मिलिमीटर पुढे नेऊन तितकाच मागे आणावा. रोलरची खूण जागेवर आली पण वस्तूची आली नाही, तर वस्तू रोलरवर घसरली. रोलरची खूणच जागेवर आली नाही, तर मोटर स्टेप चुकवते आहे, बेल्ट दाते ओलांडतो आहे किंवा पुली शाफ्टवर आवळणारा ग्रब स्क्रू सैल आहे. शेवटची शक्यता सर्वांत अगोदर पाहावी, कारण ती तपासायला एक ॲलन की पुरते आणि नव्या रोटरीतही ती वारंवार आढळते. मोटरच्या शाफ्टला सपाट बाजू असते. ग्रब स्क्रू नेमका त्या सपाट बाजूवर बसला नसेल तर तो कितीही आवळला तरी पुन्हा सैल होतो.

या चाचणीत आणखी एक भर घालावी. वस्तूभोवती एका फेऱ्याची, परिघाइतकी लांब बारीक रेघ मारावी. तिची दोन टोके परिघाच्या दिशेने एकमेकांवर चढली किंवा दूर राहिली, तर मापाचा किंवा घसरण्याचा प्रश्न आहे. टोके वस्तूच्या लांबीच्या दिशेने एकमेकांपासून सरकली, म्हणजे वलयाऐवजी स्क्रूच्या आट्यासारखी रेघ निघाली, तर वस्तू फिरता फिरता बाजूला चालत आहे. देवनागरी मजकुरात हा दोष लगेच उघडा पडतो. रोमन अक्षरे सुटी असल्याने त्यांच्यातली एका मिलिमीटरची सरक खपून जाते, पण बाटलीभोवती फिरणारी लांब शिरोरेषा ती लपवू देत नाही. भांड्यांवर नाव घालून देणाऱ्यांकडे आता लेसरवर काम येऊ लागले आहे आणि त्यांच्याकडून येणारी ‘नाव वाकडे आले’ ही तक्रार पुष्कळदा याच प्रकारची असते.

वस्तू बाजूला चालण्याची कारणे तीन : दोन रोलर एकमेकांना समांतर नसणे, रोटरी समपातळीत नसणे आणि वस्तू उतरती असणे. पहिली दोन कारणे कॅलिपर आणि स्पिरिट लेव्हल यांनी दूर होतात. बाटलीच्या तळाशी बेअरिंगचा लहानसा अटकाव लावल्यास उरलेली सरक बरीच थांबते. तिसऱ्या कारणाला रोलरवर समाधानकारक उपाय नाही.

घसरण कमी करण्याचे उपाय

रोलरवर हलकी वस्तू घसरते, ती प्रामुख्याने वेगाने नव्हे तर वेग एकाएकी बदलल्याने. जीआरबीएलमध्ये वाय अक्षाचे त्वरण $१२१ मध्ये आणि कमाल वेग $१११ मध्ये असतो. सपाट कामासाठी ठेवलेले त्वरण रोटरीला बहुधा फार जास्त पडते. ते टप्प्याटप्प्याने कमी करत वरची चाचणी स्थिर येईपर्यंत जावे. मूळ आकडे कागदावर लिहून ठेवावेत, कारण रोटरी काढल्यावर ते परत भरावे लागतात. $१०१ ला मात्र रोटरीसाठी हात लावू नये. ते काम लाइटबर्नच्या रोटरी सेटअपचे आहे, आणि दोन्हीकडे दुरुस्ती केली की पुढे कोणता आकडा कशासाठी बदलला होता याचा माग लागत नाही.

कोरण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. भरीव कोरणी शून्य अंशाच्या कोनात ठेवली तर डोके वस्तूच्या लांबीवर धावते आणि वस्तू एकाच दिशेने, केसाएवढ्या पावलांनी फिरते. अशा कामात घसरण क्वचितच होते. हाच कोन ९० अंश केला तर प्रत्येक ओळीला वस्तू मागेपुढे झोके घेते. नुसत्या बाह्यरेषेच्या कामातही वस्तू सतत दिशा बदलते, आणि एका आकृतीकडून दुसरीकडे जाताना होणारी मोकळी उडी कमाल वेगाने होते. ‘अक्षरे भरीव कोरली तर चांगली येतात, नुसती रेघ मारली तर बिघडतात’ या तक्रारीचा उलगडा इथे आहे. रेषाकाम टाळता येत नसेल तर त्याचा वेग कमी ठेवून ते भरीव कामाच्या अगोदर उरकावे.

पकड वाढवण्यासाठी रोलर आणि वस्तू दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. पावडर कोटिंग जाळताना उडणारी बारीक धूळ रोलरवर बसते, त्यामुळे सकाळी नीट चालणारी रोटरी दुपारपर्यंत घसरू लागते. वस्तूवर रुंद रबरबँड चढवणे किंवा पोकळ ग्लासात वजनाची पिशवी ठेवणे हे साधे उपाय उपयोगी पडतात. मात्र वजन सैल असेल तर ते आत गडगडते आणि वस्तूला झोके देते, म्हणून ते कापडाने घट्ट बसवावे. रबरबँडची जाडी वस्तूचा व्यास तेवढ्या जागी वाढवते, याचा हिशेब पुढे येणाऱ्या उताराच्या मुद्द्यासारखाच करावा लागतो.

जोडणीच्या तक्रारी

मोटर घरघरते पण फिरत नाही, ही तक्रार बहुधा कनेक्टरमधल्या तारांच्या क्रमाची असते. चार तारांच्या स्टेपरमध्ये दोन कॉइल असतात. कोणत्याही दोन तारा एकमेकींना जोडून शाफ्ट बोटांनी फिरवावा. तो जड झाला तर त्या दोन तारा एकाच कॉइलच्या आहेत. मल्टीमीटर असेल तर एका कॉइलच्या तारांत काही ओहमचा रोध दिसतो आणि दोन वेगळ्या कॉइलमध्ये मार्ग दिसत नाही. यंत्राच्या कनेक्टरवरचा जोड्यांचा क्रम आणि रोटरीचा क्रम जुळवावा. मोटर उलटी फिरत असेल तर एका कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करावी. तारा काढण्या-जोडण्यापूर्वी यंत्राचा वीजपुरवठा बंद केलाच पाहिजे, कारण चालू ड्रायव्हरवरून मोटरची तार ओढल्यास ड्रायव्हर जळू शकतो.

यंत्र सुरू होताच रोटरी थांबायचे नावच घेत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. होमिंग, म्हणजे यंत्राने आपली सुरुवातीची जागा शोधणे, चालू असताना कंट्रोलर वाय अक्षाचा लिमिट स्विच शोधत राहतो आणि रोटरी कितीही फिरली तरी तो स्विच दाबला जाणार नसतो. जीआरबीएलमध्ये शेवटी अलार्म ९ येतो. रोटरीच्या कामासाठी $२२ शून्य करावे किंवा होमिंग न करता $X या आज्ञेने कुलूप काढावे, आणि लाइटबर्नमध्ये काम ‘सध्याच्या जागेपासून’ सुरू करावे. काम मध्येच थांबून अलार्म २ दिसला तर $२० या सेटिंगमधली मऊ सीमा (सॉफ्ट लिमिट) आडवी आली आहे, असे समजावे. परिघाची लांबी बिछान्याच्या लांबीत मावत नाही, असे कंट्रोलरला वाटते. रुईडाच्या काही यंत्रांत वीज येताच आपोआप होमिंग होते; तिथे वाय अक्षाचे होमिंग यंत्राच्या सेटिंगमधून बंद करावे. आणि सपाट पाटी कोरताना ती एकाएकी ताणलेली निघाली, तर रोटरीचा पर्याय लाइटबर्नमध्ये चालूच राहिला आहे का, हे सर्वप्रथम पाहावे.

उतरत्या वस्तू

रोलरला वस्तूच्या व्यासाशी देणेघेणे नाही, हे वर म्हटले, पण ते रोलर जिथे टेकतो आणि नक्षी जिथे येते त्या दोन्ही ठिकाणी व्यास सारखा असेल तोवरच खरे आहे. चाके असलेल्या रोटरीत मोटरची चाके बाटलीच्या एका टोकाला असतात आणि दुसरे टोक मोकळ्या बेअरिंगवर राहते. चाके ७३ मिलिमीटर व्यासावर टेकली आहेत आणि नक्षी ६० मिलिमीटर व्यासाच्या मानेवर येणार आहे, असे समजू. तिथला पृष्ठभाग ६० ÷ ७३, म्हणजे सुमारे ८२ टक्केच सरकतो आणि नक्षी तितकी आखडते. उपाय म्हणून परिघाच्या दिशेने नक्षी ७३ ÷ ६०, म्हणजे सुमारे १.२२ पट रुंद करावी. हा उपाय ठरावीक रुंदीच्या एका पट्ट्यापुरता चांगला आहे.

संपूर्ण उतरत्या ग्लासासाठी चकच योग्य आहे, आणि तीही कलवता येणारी. ग्लासाची वरची कड यंत्राच्या बिछान्याला समांतर येईल इतकी रोटरी कलवावी, म्हणजे डोक्यापासूनचे अंतर दोन्ही टोकांना सारखे राहील. तपासण्यासाठी डोके एका टोकाकडून दुसऱ्याकडे न्यावे. लाल ठिपका सर्वांत उंच रेषेवरच राहिला पाहिजे आणि नॉझलखालचे अंतर बदलता कामा नये. दोन इंची भिंगाच्या सीओटू यंत्रात एक-दोन मिलिमीटरचा फरक खपतो, त्यापेक्षा जास्त फरकाने रेघ जाड होते. वस्तूचा परीघ नक्षीच्या मध्यभागी मोजून भरावा. असे केले तरी रुंद टोकाकडची अक्षरे थोडी पसरट आणि अरुंद टोकाकडची थोडी दाटलेली येणारच. उतार जास्त असेल तर नक्षीलाच तसा आकार द्यावा लागतो. रोलरवर मात्र उतरती वस्तू एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी सरकू पाहते, रोलरशी भांडते, घसरते आणि चालू लागते. तिथे सेटिंगमध्ये वेळ घालवू नये.

कोणती निवडावी

सरळ बाटल्या, फ्लास्क, गोल डबे, पेन्सिल ठेवण्याचे नळकांडे असे काम दिवसभर येत असेल आणि प्रत्येक वस्तूचा व्यास वेगळा असेल, तर रोलर घ्यावा. वस्तू ठेवली की काम सुरू होते, व्यास मोजावा लागत नाही आणि पकडीचे ओरखडेही येत नाहीत. पूर्ण वेढ्याची नक्षी अचूक जुळावी अशी ग्राहकाची अपेक्षा असेल, वस्तू उतरती असेल, अंगठी किंवा पेनसारखी बारीक असेल, किंवा तिला कान असेल, तर चक घ्यावी. कानाचा मग रोलरवर फिरताना कान रोलरला आपटतो. चकचे पायऱ्यांचे जबडे मगाच्या आतून बाहेरच्या दिशेने ताणून धरता येतात. जबड्यांना रबरी नळीचे तुकडे चढवले तर काठाला ओरखडे येत नाहीत.

लाटणे हे निवडीच्या दृष्टीने शिकवणारे उदाहरण आहे. पुष्कळ लाटणी मध्यभागी किंचित फुगीर असतात. रोलरवर ती पोटाच्या मधल्या भागावर टेकून डुगडुगतात आणि सहज वळतात. चकमध्ये एक मूठ पकडून दुसऱ्या मुठीला टेलस्टॉकचा (चकच्या समोरच्या टेकूचा) आधार दिला तर लाटणे स्थिर राहते. मात्र हाताने कातलेल्या लाटण्याची मूठ पोटाशी एकाच मध्यावर नसेल तर ते फिरताना खालीवर होते आणि केंद्रांतर, म्हणजे किरण बारीक ठिपक्यात एकवटण्यासाठी डोके आणि पृष्ठभाग यांच्यात राखायचे अंतर, बदलते. पकडल्यावर एक मोकळा फेरा देऊन वरची कड किती हलते ते पाहावे. तांब्याचा लोटा आणखी कठीण आहे, कारण त्याचे पोट दोन्ही दिशांनी वळलेले असते. चकने त्याला गळ्यातून आत धरता येते, पण नक्षीची उंची पोटाच्या सर्वांत फुगीर भागाभोवतीच्या अरुंद पट्ट्यापुरतीच ठेवावी. शिवाय उघड्या तांब्यावर सामान्य डायोड किंवा सीओटू लेसर थेट खूण करत नाही. लाखेचा किंवा रंगाचा थर असेल तर तो उडवता येतो. काचेच्या ग्लासाबाबतही असेच आहे : निळा डायोड स्वच्छ काचेतून आरपार जातो आणि त्याला बाहेरून थर लावावा लागतो, सीओटू काचेवर थेट कोरतो. रोटरी कितीही उत्तम असली तरी ही मर्यादा तिच्याने दूर होत नाही.

मागवण्यापूर्वी उंचीचा हिशेब कागदावर करावा. चकच्या मध्याची उंची, वस्तूची त्रिज्या आणि डोक्याचे केंद्रांतर यांची बेरीज यंत्रात उपलब्ध असलेल्या उंचीपेक्षा कमी हवी. मध्य ६५ मिलिमीटरवर, ७३ व्यासाची बाटली आणि डोक्याखाली १० मिलिमीटर अंतर असेल तर १११.५ मिलिमीटर लागतात. उघड्या चौकटीच्या डायोड यंत्राला त्यासाठी पायांखाली उंचवटे द्यावे लागतात. के४० सारख्या लहान सीओटू यंत्रात बिछाना काढूनही जागा पुरत नाही, आणि तिथे कमी उंचीचा रोलर हाच व्यवहार्य पर्याय ठरतो. चकचे बाहेर ताणलेले जबडे वस्तूपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. काठाजवळ कोरताना ते नॉझलला धडकू नयेत म्हणून नक्षी आणि जबडे यांच्यात डोक्याच्या निम्म्या रुंदीहून अधिक अंतर ठेवावे लागते. बारीक अंगठीसाठी मोठी चक घेतल्यास ही अडचण सर्वाधिक जाणवते.

गोल आणि चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तित किरण कोणत्याही दिशेला जाऊ शकतो. उघड्या डायोड यंत्राबरोबर त्या तरंगलांबीचा, सामान्यतः ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, चष्मा लावावा आणि पावडर कोटिंगचा धूर बाहेर काढण्याची सोय करावी.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न चार आहेत. मोटरच्या आणि चकच्या पुलीवर प्रत्येकी किती दाते आहेत किंवा गिअरचे प्रमाण काय आहे? मोटरला किती अँपिअर प्रवाह लागतो, आणि तो आपल्या यंत्राच्या ड्रायव्हरला देता येतो का? कनेक्टरमधल्या चार तारांचा क्रम काय आहे? चकच्या मध्याची, किंवा रोलर असेल तर रोलरच्या वरच्या कडेची, टेबलापासूनची उंची किती आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याकडे नसेल तर झाकण उघडून दात्यांचा स्पष्ट फोटो पाठवायला सांगावे. दाते मोजता आले की ‘एका फेऱ्याचे मिलिमीटर’ रोटरी हातात येण्यापूर्वीच काढून ठेवता येतात, आणि पहिल्या दिवशीच्या चाचणीत मोजलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो.